अंधारात डोळा गप्प बसत नाही

नकाशावर मुंबई आणि नागपूर या दोन ठिपक्यांना पट्टी लावून सरळ रेघ ओढली, तर ती सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याच्या अगदी जवळून जाते. विमानं पट्टीने आखलेल्या रेघेवरून उडत नाहीत, त्यांचे मार्ग वेगळे ठरतात, हे खरं. तरीही रात्री वावरात पाणी धरायला गेलेल्या इथल्या माणसाला डोक्यावरून लुकलुकत जाणारा लाल-पांढरा ठिपका नवा नाही. कृषिपंपांची थ्री फेज लाइट बरेचदा रात्रीच येते. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत निम्मं गाव बॅटरी घेऊन बांधावर असतं आणि जागल करणारे वेगळेच. आकाश न्याहाळायला वेळ भरपूर.

जमिनीवरच्या इतिहासात या गावाला वजन आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली, मुबारिजखान मारला गेला आणि दख्खनेत आसफजाही घराण्याचा पाया पक्का झाला. पण दहा किलोमीटर उंचीवरून रात्री जाणाऱ्या वैमानिकाला त्यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो दिव्यांचा एक पुंजका, त्याच्याभोवती शेतांतल्या खोपटांचे सुटे बल्ब, दूर समृद्धी महामार्गावरून सरकणारी वाहनांच्या दिव्यांची विरळ रेघ आणि उरलेलं सगळं काळं. शेतकरी खालून एक दिवा पाहतो, वैमानिक वरून. दोघांची अडचण मात्र एकच असते. काळोखातला एकटा दिवा किती मोठा, किती लांब आणि स्थिर आहे की हलतोय, हे तो दिवा स्वतः सांगत नाही.

मग सांगतं कोण? डोळाच सांगतो. नक्की माहीत नसताना ठोकून देतो.

वऱ्हाडात भुताच्या दिवट्यांच्या गोष्टी ऐकल्या नाहीत असं घर सापडणार नाही. नाल्यापलीकडे एक दिवा दिसतो, तो हळूहळू डावीकडे जातो, थांबतो, वर उचलल्यासारखा होतो, पुन्हा सरकतो. सांगणारा खोटं बोलत नसतो. आजूबाजूला दुसरं काहीच दिसत नसताना एका बारीक स्थिर दिव्याकडे थोडा वेळ टक लावून पाहिलं की तो हलू लागतो. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७९९ मध्ये तेनेरिफ बेटावर तारे असेच डोलताना पाहिले आणि तारेच खरोखर हलत आहेत, असं नोंदवून ठेवलं. ही हालचाल आकाशात नाही, बघणाऱ्यात आहे, हे कळायला पुढे अर्धशतक गेलं. दुसऱ्या महायुद्धात रात्री जोडीने उडणाऱ्या वैमानिकांना पुढच्या विमानाचा दिवा असाच भरकटताना दिसे. ॲश्टन ग्रेबिएल आणि ब्रँट क्लार्क यांनी १९४५ मध्ये रात्रीच्या उड्डाणातल्या या आभासावर शोधनिबंध लिहिला. उपाय साधाच निघाला: एकाच दिव्यावर नजर रोवायची नाही, ती फिरती ठेवायची. जागल करणाऱ्याने हे केलं तर अर्धी भुतं तिथेच निवृत्त होतील, पण मग गोष्टी कुणी सांगायच्या?

वैमानिकाला मात्र गोष्ट परवडत नाही. १४ जानेवारी २०११ च्या रात्री टोरोंटोहून झुरिचला निघालेलं एअर कॅनडाचं बोईंग ७६७ अटलांटिकवर होतं. सहवैमानिक नुकताच डुलकी काढून उठला होता. समोरून अमेरिकन वायुदलाचं एक मालवाहू विमान हजार फूट खालून येणार होतं, तशी सूचनाही होती. त्याला आधी शुक्र दिसला आणि तो विमानाचा दिवा वाटला. मग खरं विमान दिसलं, तेव्हा ते थेट अंगावर येतंय असं वाटून त्याने विमानाचं नाक खाली दाबलं. पट्टा न बांधलेले प्रवासी छताकडे फेकले गेले. १४ प्रवासी आणि २ कर्मचारी जखमी झाले. शुक्राची चांदणी आपल्याकडे पहाटे पाणी भरणाऱ्या बायासुद्धा ओळखतात. पण झोपेतून अर्धवट उठलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या वैमानिकाच्या मेंदूला तेवढ्या क्षणात ती ओळखता आली नाही.

डोळ्याची रचनाच अशी आहे, त्याला इलाज नाही. माणसाच्या प्रत्येक डोळ्यात सुमारे साठ लाख शंकूपेशी आणि बारा कोटींच्या आसपास दंडपेशी असतात. शंकूपेशी रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना उजेड लागतो. दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात, पण रंग ओळखत नाहीत, आणि पुरेशा जाग्या व्हायला अर्धा तास घेतात. एकदा भगभगीत दिवा डोळ्यावर आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय नजर जिथे रोखली जाते त्या मध्यबिंदूवर दंडपेशी जवळजवळ नसतातच. म्हणजे रात्री ज्या मंद गोष्टीकडे सरळ पाहावं, तीच नाहीशी होते. दिवाळीच्या दिवसांत रात्री जेवणं आटोपल्यावर पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या असतात. त्यांच्याकडे थेट पाहा, मग जरा बाजूला पाहा. बाजूला पाहताना तारे वाढतात. रात्री उडणाऱ्यांना असंच तिरकं पाहायला शिकवतात. ऑक्सिजन कमी झाला तर सगळ्यात आधी हीच रात्रीची नजर मंदावते. सुमारे पाच हजार फुटांपासूनच फरक पडू लागतो, आणि माणसाला स्वतःला तो जाणवतही नाही.

स्वातंत्र्यानंतर लगेचच या भागावरून रात्री उडणारे वैमानिक हे सगळं अंगावर घेऊनच उडत होते. १९४९ च्या जानेवारीत रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी विमानं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परत. विमानं डाकोटा, म्हणजे केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही, वेग बेताचा. खाली वऱ्हाडातल्या बहुतेक गावांत वीज पोचायची होती. कंदील विझले की मुंबईपासून नागपूरपर्यंत जमीन आणि आकाश यांच्यातली सीमा पुसली जायची. आपल्याकडे या सेवेचं कौतुक टपालखात्याच्या अंगाने झालं. मला त्यातली खरी नवलाची गोष्ट वेगळी वाटते: क्षितिज नसलेल्या काळोखात ही माणसं रोज रात्री गोल डायलमधल्या एका छोट्या खोट्या क्षितिजावर विश्वास ठेवून बसत होती.

क्षितिज नाहीसं झालं की काय होतं, हे कळायला विमानात बसायची गरज नाही. चकवा लागलेला माणूस हेच सांगतो. ओळखीच्या शिवारात, रोजच्या पायवाटेने निघालेला, आणि तासाभराने पुन्हा त्याच बाभळीपाशी. यान सौमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगून हे तपासलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ झाकोळताच गोल फिरू लागली, आणि आपण सरळच चाललोय याबद्दल त्यांना शंका नव्हती. डोळे बांधल्यावर तर वीस मीटर व्यासाची वर्तुळं पडली. चकवा लागला की जागीच बसून राहायचं, फटफटलं की वाट दिसते, असं जुनी माणसं सांगत. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. फक्त ताशी चार-पाचशे किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला जागीच बसता येत नाही.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईत जे घडलं, ते या लेखातलं सगळ्यात जड प्रकरण. एअर इंडियाच्या ताफ्यातलं पहिलं जम्बो, ‘सम्राट अशोक’, दुबईला निघालं होतं. विमानात १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते. कॅप्टन मदनलाल कुकर हे १९५६ पासून एअर इंडियात होते आणि त्यांच्या गाठीला सुमारे अठरा हजार तासांचं उड्डाण होतं. रात्रीचे पावणेनऊ होत आले होते. आभाळ निरभ्र होतं, पण चंद्र उगवायला अजून बराच अवकाश होता. सांताक्रूझच्या धावपट्टीवरून पश्चिमेला झेपावलेलं विमान किनारा ओलांडून अरबी समुद्रावर गेलं. शहराचे दिवे पाठीमागे राहिले, आणि काचेसमोर ना समुद्राची रेघ होती ना आकाशाची.

विमानाने उजवीकडे थोडं वळण घेतलं आणि ते पुन्हा सरळ झालं. कॅप्टनसमोरचा कृत्रिम क्षितिजदर्शक मात्र सरळ झाला नाही. तो उजवीकडचा कल दाखवत तसाच अडकला. कॅप्टनना वाटलं, विमान अजून उजवीकडे कललेलं आहे, म्हणून त्यांनी ते डावीकडे वळवलं. उपकरण तरीही उजवाच कल दाखवत राहिलं. ते आणखी डावीकडे वळवत गेले. ध्वनिमुद्रणावरून असं दिसतं की आपल्या उपकरणाचं काहीतरी बिनसलंय, हे त्यांनी बोलून दाखवलं होतं. सहवैमानिकाकडूनही तशाच अर्थाचं उत्तर आलं. फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या उपकरणाकडे त्यांचं लक्ष वेधायचा प्रयत्न केला. तोवर विमान नव्वद अंशांच्याही पलीकडे कललं होतं. उड्डाणानंतर १०१ सेकंदांत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. २१३ पैकी कुणीही वाचलं नाही. आधी घातपाताचा संशय होता, तो टिकला नाही. विमान आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत दावे झाले, ते १९८५ मध्ये फेटाळले गेले.

दिवसाउजेडी हेच उपकरण बिघडलं असतं तर? कॅप्टननी मान वर करून समुद्राची रेघ पाहिली असती आणि प्रकरण तांत्रिक नोंदवहीतल्या एका ओळीत संपलं असतं. त्या रात्री काचेबाहेर खरं-खोटं करणारा साक्षीदारच नव्हता.

पण शरीराला कल कळत कसा नाही? शेवटी माणूस उलटा होतोय! याचं उत्तर कानात आहे. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांना वळणं कळतं ते वेग बदलताना. वळण सावकाश असलं, साधारण सेकंदाला दोन अंशांच्या आत, तर त्या काहीच कळवत नाहीत. वळण बराच वेळ चालू राहिलं की त्यांना तेच सरळ वाटू लागतं, आणि मग खरोखर सरळ झाल्यावर उलट बाजूला कलल्याचा भास होतो. शिवाय वळणाऱ्या विमानात वजन आसनाच्या दिशेनेच पडतं, त्यामुळे पाठीला आणि बुडाला सगळं ठीक वाटतं. एरवी कानाच्या अशा थापा डोळा खोडून काढतो. रात्री डोळ्याला धरायला काही मिळालं नाही की कानाचं राज्य, आणि भलतंच काही मिळालं, म्हणजे अडकलेलं उपकरण किंवा तिरपी जाणारी दिव्यांची रेघ, तर दोघं मिळून एकच खोटं बोलतात.

कानाची आणखी एक थाप रात्रीच्या समुद्रावर विशेष भोवते. विमान जोरात वेग घेतं तेव्हा कानाला ते नाक वर झाल्यासारखं वाटतं. एसटीने एकदम जोर घेतला की आपण मागे रेलतो, तसंच. फरक एवढाच की एसटीच्या खिडकीतून झाडं दिसत असतात. काहीच दिसत नसेल तर वैमानिक ‘वर’ गेलेलं नाक खाली ढकलतो. २३ ऑगस्ट २००० च्या रात्री बहारीनला गल्फ एअरचं एअरबस ए-३२० उतरता उतरता पुन्हा वर निघालं आणि काळ्या समुद्रात गेलं. १४३ जण गेले. हा भास त्या अपघातामागच्या कारणांत धरला गेला. आखातात पोटापाण्यासाठी गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी माणसांनी त्याच विमानतळावर रात्रीची विमानं पकडली असतील.

उतरताना डोळा वेगळी चाल खेळतो. दिवसा वैमानिकाला झाडं, घरं, बांध, रस्ते दिसतात, जवळच्या गोष्टी भराभर मागे पळतात, लांबच्या सावकाश, आणि उंचीचा अंदाज न मागता मिळतो. रात्री अंधाऱ्या शेतांवरून, जंगलावरून किंवा पाण्यावरून येताना समोर असतात फक्त धावपट्टीचे दिवे, काळोखात अधांतरी टांगल्यासारखे. अशा वेळी आपण फार उंच आहोत असं वाटतं, आणि हात आपोआप विमान खाली आणतो. १९६५-६६ मध्ये बोईंग ७२७ विमानं लागोपाठ अशी पाण्यात आणि जमिनीवर गेली. विमानात दोष सापडेना. तेव्हा कॉनरॅड क्राफ्ट या बोईंगमधल्या मानसशास्त्रज्ञाने छोट्या छोट्या दिव्यांचं एक शहर मांडलं आणि कंपनीच्या अनुभवी वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवून, उंचीमापक न दाखवता, त्या शहराकडे उतरायला सांगितलं. ही माणसं इतरांना उडायला शिकवणारी होती. तरीही ती निवांतपणे, आपण बरोबर उंचीवर आहोत या खात्रीने, जमिनीखाली गेली. शहर मागे चढत गेलेलं असेल तर चूक आणखी मोठी. दिव्यांचा पट्टा डोळ्यात एकाच मापाचा ठेवत उतरलं, तर विमानाचा मार्ग सरळ न राहता खाली झुकलेला कंस होतो. तो कंस धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला भिडतो.

सह्याद्रीनेही रात्रीच्या विमानाचा बळी घेतलेला आहे. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात अलिटालियाचं डीसी-८ बँकॉकहून मुंबईला उतरायला निघालं आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ जण गेले. मुंबई आहे त्याहून जवळ आहे, असं वैमानिकाला वाटलं होतं आणि त्याने ऐन पावसाळ्यात लवकर उतरायला सुरुवात केली होती. हा निव्वळ डोळ्याचा दोष नव्हे, दिशादर्शनाची चूक होती. पण खालचा डोंगर दिसला असता, तर ती चूक तिथेच कळली असती.

सगळे भास रात्रीचेच असतात असंही नाही. १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. दोन्ही धावपट्ट्या शेजारी आणि जवळपास एकाच दिशेच्या. पहिलं पुन्हा उडालं, दुसरं कायमचं निकामी झालं.

अलीकडे मराठी घरांत सगळ्यात जास्त बोललं गेलं ते ७ ऑगस्ट २०२० च्या कोझिकोडच्या विमान अपघाताबद्दल. कॅप्टन दीपक साठे नागपूरचे. एनडीएतून वायुदलात आणि निवृत्तीनंतर एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये. रात्र, मुसळधार पाऊस, दोन्ही टोकांना दरी असलेली धावपट्टी, मागून वारा, आणि कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकलं आणि पुढे दरीत गेलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. अपघात तपास यंत्रणेने मुख्य कारण म्हणून बोट ठेवलं ते नियम न पाळण्यावर: उतरणं डळमळीत होऊनही, सहवैमानिकाने सांगूनही, विमान पुन्हा वर नेलं गेलं नाही. अहवाल नाकारायचं कारण नाही. तरी ओल्या काचेतून दिवे पसरट दिसतात आणि उंचीचा अंदाज चुकवतात, हे वैमानिकांच्या पाठ्यपुस्तकांत जुनंच आहे. नियम त्याचसाठी असतात. माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर सर्वांत जास्त भरवसा असतो, नेमक्या त्या क्षणी निर्णय त्याच्या हातून काढून घेण्यासाठी.

म्हणूनच आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘नाइट लँडिंग’ हा शब्द पुढाऱ्यांच्या आश्वासनांच्या यादीत दिसतो, तेव्हा मला त्याची तांत्रिक बाजू आठवते. शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला, रात्रीची विमानं तिथे यायला २०२५ उजाडलं. अमरावतीहून त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रवासी विमान उडालं. दोन्ही धावपट्ट्यांभोवती शेतं आहेत, रात्री काळी पडणारी. अशा ठिकाणी नुसते दिवे लावून भागत नाही. धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची एक ओळ लागते, तिला पापी म्हणतात. नाव ऐकून हसू नये, काम पुण्याचं आहे. उतरण्याचा कोन साधारण तीन अंशांचा, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर खाली. कोन बरोबर असेल तर दोन दिवे पांढरे, दोन लाल दिसतात. चारही पांढरे म्हणजे फार उंच. चारही लाल म्हणजे त्या क्षणी बाकी सगळे विचार सोडायचे आणि विमान वर घ्यायचं. यात सांगण्याचं काम डोळ्याकडे नाहीच. डोळ्याने फक्त लाल आणि पांढरा मोजायचा.

लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, हेही वैमानिकाच्या बाजूने पाहावं. वर चंद्र नाही, फटाक्यांच्या धुराने हवा गढूळ, आणि खाली वर्षातले सगळ्यात जास्त दिवे. विरळ वस्तीवरून जाताना जमिनीवरचे सुटे दिवे आणि क्षितिजाजवळचे तारे एकमेकांत मिसळतात. तारे कुठे संपले आणि गावं कुठे सुरू झाली, हे समजेनासं होतं. मग दिव्यांच्या शेवटच्या रांगेलाच माणूस क्षितिज धरतो आणि विमान तिला समांतर करायला जातो. रांग तिरपी असेल तर विमानही तिरपं. मुंबई पोलीस दिवाळीच्या सुमाराला उडते कंदील विकायला आणि सोडायला बंदी घालतात. त्याचं कारण आगीचं असतं, आणि विमानांचंही आहे. सावकाश तरंगत जाणारा, आकार आणि अंतर कळू न देणारा एक दिवा कॉकपिटमधून कसा दिसेल, ते हम्बोल्टने लिहून ठेवलेलंच आहे.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे निदान पाच तास रात्री उडावं लागतं, दहा उड्डाणं आणि दहा उतरणी धरून. तेवढ्याने भास जात नाहीत. अठरा हजार तासांनीही जात नाहीत, कारण ते अननुभवातून येत नाहीत, शरीरातून येतात. बंगळुरूला वायुदलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था आहे. तिथल्या दिशाभ्रमाच्या सिम्युलेटरमध्ये वैमानिकाला बसवतात, अंधार करतात, फिरवतात आणि अलगद थांबवतात. कोणत्या बाजूला वळतोय, असं विचारलं की निरोगी, तरबेज वैमानिक ठामपणे चुकीची बाजू सांगतो. मग दिवा लावून त्याला उपकरण दाखवतात, पुन्हा अंधार करतात, पुन्हा फिरवतात. दुसऱ्यांदाही त्याला आतून तेच वाटतं, पण या वेळी उत्तर देण्याआधी तो खाली डायलकडे बघतो.